तळेघरच्या वरची बहीण

सुमनताई गेली हे मला शाळेत कळलं. आठवीचा तास चालू होता, बाहेर सकाळपासून पाऊस धरलेला होता आणि फळ्यावर मी समास सोडवून दाखवत होते. पर्समधला मोबाइल दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी वर्गाबाहेर आले. अनिल होता, माझा धाकटा भाऊ. तो चाकणच्या कारखान्यात आहे, कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. म्हणाला, "ताई, सुमनताईला पान लागलं." आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मी विचारलं, "कुठं नेलंय?" तो म्हणाला, "नेत होते... जीप मिळेस्तोवर दीड तास गेला. डिंभ्याच्या पुढं आले होते. जीपमध्येच गेली." मी फोन बंद केला, वर्गात गेले आणि राहिलेला समास पुरा केला. का केला ते मला अजून सांगता येत नाही.

त्याला आता सव्वा महिना होऊन गेला. रजेच्या अर्जावर मी 'बहिणीचे निधन' असं लिहिलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्हाला बहीण होती?" होती, तेरा वर्षं होती. खरं तर जन्मापासूनच होती, पण मी सोळा वर्षांची होईपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. ती कशी सापडली आणि सापडल्यावर तिचं माझ्यामुळं काय झालं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अनिलला थोडं माहीत आहे. बाकीचं ती असेपर्यंत सांगवलं नाही...

आम्ही कळंबला राहायचो. पुणे-नाशिक रस्त्याला लागून एका चाळीतली खोली. आई लोकांच्या शेतात कांदे काढायला, भाजी निवडायला जायची. आईचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते, मामांनी तिला वाढवलं आणि गाडीवरच्या एका ड्रायव्हरशी देवळात लग्न लावून मोकळे झाले. फार चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. वडील भाजीपाल्याचा ट्रक चालवायचे. तीन-चार दिवस घरी, मग तीन-चार आठवडे बाहेर, असं आमचं चालायचं आणि ते आम्हाला विचित्र वाटत नव्हतं, कारण ड्रायव्हरची घरं अशीच असतात. एकदा त्यांनी अनिलला ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब आणून दिली आणि कॅनॉलमध्ये ती कमरेला अडकवून त्याला पोहायला शिकवलं. मी काठावर बसून बघत होते. मला म्हणाले, "तू पण ये की." मी गेले नाही, मला पाण्याची भीती वाटायची. वडिलांची म्हणून मला एवढी एकच गोष्ट नीट आठवते आणि त्यातही मी काठावर आहे.

मी दहा वर्षांची असताना, श्रावणात, ते गाडीवर गेले ते परत आले नाहीत. पहिले दोन महिने आईनं काही मनावर घेतलं नाही. मग ती नारायणगावला ट्रकच्या मालकाकडं जाऊन आली. तो म्हणाला, दत्तू माझ्याकडचं काम सोडून दुसऱ्याच्या गाडीवर गेला, कुणाच्या ते मला म्हाईत न्हाई. जुन्नरच्या एका गॅरेजात कुणीतरी त्यांना बघितलं होतं, तिथंही ती गेली. पण ते बघणं ते आमच्याकडून जाण्याआधीचं निघालं. त्यानंतर आई कुठं गेली नाही. पण कुंकू लावायची ती लावायची, मंगळसूत्र घालायची ती घालायची. चाळीतल्या बायका तिच्या पाठीमागं काय बोलायच्या ते आम्हाला ऐकू यायचं, म्हणजे तिलाही येत असणार.

दहावीची परीक्षा झाली, पंच्याण्णवचा उन्हाळा होता. पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती मिळते म्हणून शाळेतून एक फॉर्म मिळाला. त्यात एक ओळ होती: वडील हयात आहेत काय? होय किंवा नाही, एक खोडायचं होतं. मी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लिही कायबी." मी म्हटलं, काहीही कसं लिहू? तर म्हणाली, "मला तरी कुठं ठावं हाय?" त्या दिवशी मी अनिलला म्हटलं, आपण त्यांना शोधायचं. तो चौदा वर्षांचा होता. त्यानं लगेच चप्पल घातली, जणू ते पुढच्या चौकातच उभे होते.

आमच्याकडं धागा एकच होता. वडील कधीतरी बोलता बोलता म्हणाले होते की आम्ही तळेघरच्या वरचे, भीमाशंकरच्या अंगाला. गावाचं नाव आईलाही माहीत नव्हतं. आम्ही आईला मैत्रिणीकडं जातो असं सांगून एस.टी.नं घोडेगावला गेलो, कारण तालुक्याची सगळी कागदं तिथं असतात एवढं मला कळत होतं. कचेरीतल्या एका वयस्कर शिपायाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "मतदार यादीत बघा. जिता मानूस आसंल तर यादीत आसंल." त्यानं वरच्या गावांच्या याद्यांचा गठ्ठा आणून व्हरांड्यातल्या बाकावर ठेवला. एक एक गाव घेऊन आम्ही वाचायला लागलो. दुपारी अडीचच्या सुमाराला अनिलनं एका ओळीवर बोट ठेवलं. मी वाकून वाचलं. दत्तात्रय सखाराम. आडनाव आमचंच, वयही बरोबर. त्याखाली, त्याच घर क्रमांकात, चिंधाबाई दत्तात्रय. आणि त्याच्याखाली सुमन दत्तात्रय, वडिलांचं नाव दत्तात्रय सखाराम, वय एकोणीस.

चिंधाबाईचं नाव वाचून मला राग आला, पण फारसं नवल वाटलं नाही. बाप दुसरं घर करून राहिला असेल असं चाळीत सगळेच म्हणायचे. मी अडखळले ते त्या एकोणीस आकड्यावर. मी सोळा वर्षांची होते. म्हणजे ही मुलगी माझ्याआधी तीन वर्षांची. म्हणजे आईच्या लग्नाआधीची. दुसरं घर आमचंच होतं... अनिलला हे उमजलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, जिते आहेत."

चार दिवसांनी आम्ही तळेघरच्या गाडीत बसलो. तळेघरला उतरून दीड तास चालावं लागलं. मे महिना होता, लोक शेतात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजत होते, जिकडंतिकडं धूर. वाडीच्या टोकाला एक घर, त्याच्यापुढच्या खाचरात एक मुलगी काठीनं जळता पाला सारखा करत होती. तोंडाला राख, डोक्याला फडकं. तिनं आम्हाला बघितलं आणि काठी टेकून उभी राहिली. ही सुमनताई.

"कोन पायजेल?"

मी वडिलांचं नाव घेतलं, इथंच राहतात का म्हणून विचारलं.

"ऱ्हातात म्हंजे... पडून अस्त्यात. तुमी कोन?"

अनिलनं सांगून टाकलं, "आम्ही त्यांची मुलं."

ती आमच्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली, "त्यांची पोर मी हाये. त्यांना दुसरी पोरं न्हाईत." तेवढ्यात घरातून एक बाई बाहेर आली, डोक्यावर रिकामा हंडा होता. तिची नजर अनिलवर गेली. अनिल वडिलांवर गेला आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिनं हंडा उतरवून खाली ठेवला. म्हणाली, "सुमे, आत घे त्यांना. उन्हाचं उभं नको करू." चिंधाबाईला एका नजरेत सगळं कळलं होतं आणि तिला फारसा धक्काही बसलेला दिसला नाही. धक्का बसला होता तो सुमनताईला.

वडील आतल्या खोलीत घोंगडीवर होते. उजवं अंग गेलेलं होतं, तोंड वाकडं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी श्रावणातच, आमच्याकडून निघाल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी गाडी चालवताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. बरोबरच्या माणसांनी लायसनवरचा पत्ता बघितला आणि त्यांना इथं आणून सोडलं. लायसन आईशी लग्न करण्याआधी काढलेलं, पत्ता इथलाच. कळंबला कुणाला कळवायला हवं ते फक्त त्यांनाच माहीत होतं आणि त्यांची वाचा गेली होती. एकच शब्द तेवढा राहिला होता, चल. मी घरून निघताना काय काय विचारायचं ते मनात घोळवत आले होते. तुम्ही असं का केलं, आमची आठवण आली का, सगळं. त्यांनी अनिलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि म्हणाले, "चल... चल." अनिल त्यांचा हात धरून "हो बाबा, हो बाबा" म्हणत होता. दारात उभ्या असलेल्या सुमनताईनं सांगितलं, "समद्यांना तसंच म्हनत्यात. म्हशीलाबी."

तिचा तो आवाज माझ्या कानात कितीतरी वर्षं राहिला. आज विचार करते तेव्हा कळतं, तिचं वय काय होतं... तेराव्या वर्षापासून ती बापाला उचलत होती, पुसत होती, भरवत होती. एवढं करून हा बाप तिचा एकटीचा आहे एवढीच तिची मिळकत होती आणि तीही आम्ही त्या दुपारी येऊन घेतली.

चिंधाबाईनं, सुमनताई तिला बय म्हणायची, आम्हाला नाचणीची भाकरी आणि ताक दिलं. मग आमच्यासमोर बसून ती म्हणाली, "गाडीवाल्याचं काय, कुठंतरी हाय ह्ये मला वाटायचंच. कळंबाला हाय ह्ये न्हवतं म्हाईत. आता आलाय तर या, बापाला भेटा, मी न्हाई म्हननार न्हाई. पर एक आयका. सुमीचं लगीन ठरलंय. जुन्नरकडचं हाय स्थळ, मानसं बरी हायेत. पंधरा दिसांवर आलंय. कुनी इचारलं तर माज्या भावाची पोरं म्हना. पंधरा दिस. मंग काय म्हनायचं त्ये म्हना." सुमनताई भिंतीकडं तोंड करून भांडी लावत होती. तिचा हात थांबला होता. मी हो म्हटलं. अगदी मान हलवून, "हो, आम्ही भाचरं" असं म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही तळेघरला आलो. चहाच्या टपरीपुढं बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी टोपी, स्वभाव बोलका. "पावनं, कुनाकडं आला व्हता?" अनिलनं शिकवल्याप्रमाणं सांगितलं, चिंधाबाईंकडं, आमची आत्या. "म्हंजे दत्तूच्या घरी," ते म्हणाले. "लई वंगाळ झालं बघा त्याचं. एक पोरगी तेवढी, ती बी आता जाईल सासरला. पोरगा न्हाई, कुनी न्हाई. मेल्यावर आग द्यायला बी कुनी न्हाई बिचाऱ्याला."

मी म्हणाले, "आहे. हा त्यांचा मुलगा आहे. मी मुलगी आहे. ते आमचे वडील आहेत."

अनिलनं माझा हात दाबला, पण तोवर बोलून झालं होतं. मी सोळा वर्षांची होते, दमले होते, सहा वर्षं साठलेलं होतं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते सगळं खरं आहे. पण बोलताना मला ते पंधरा दिवस आठवत होते, हेही खरं आहे. मी विसरले नव्हते. त्या माणसानं "असं व्हय..." म्हणून चहाचा कप खाली ठेवला, तो कसा ठेवला तेसुद्धा मला आठवतं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी अनिल रडत म्हणाला, "आई, ते पळून गेले नव्हते गं." आई म्हणाली, "मंग पळून आला व्हता." थोड्या वेळानं तिनं गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि फडताळात डब्यामागं ठेवून दिलं. सहा वर्षं तो मेला की काय कळत नव्हतं तेव्हा तिनं ते घातलं होतं. तो जिता आहे हे कळलं त्या दिवशी काढलं. नंतर मला एकदाच म्हणाली, "मंग मी कोन गं, शोभे?"

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पावसाळा निम्मा उलटला होता. सुमनताईचे हात आता पिवळे झाले असतील, ती जुन्नरकडं असेल, असं धरून मी चालत होते. दारात तीच बसली होती, वडिलांची धोतरं धुवून पिळत. अनिलनं भोळेपणानं विचारलं, "ताई, लग्न?" "मोडलं," ती म्हणाली आणि धोतराचं दुसरं टोक अनिलच्या हातात दिलं. "धर. पीळ." एवढंच. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता की ज्या घरात बापाची दोन घरं आहेत तिथं आम्हाला सोयरीक करायची नाही. कसं कळलं, कुणी सांगितलं, यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतर तिला एक स्थळ आलं, बिजवर, दोन मुलांचा बाप. ती म्हणाली, "आन् ह्यांला कोन उचलंल?" मग स्थळं येईनाशी झाली. वाडीत अंगणवाडी सुरू झाली तेव्हा ती तिथं मदतनीस लागली. सकाळी पोरांची खिचडी शिजवायची, शेंबडं पुसायची, दुपारी शेत, संध्याकाळी बाप. अनिल सुट्टी मिळाली की जायचा. हळूहळू ती त्याच्याशी बोलायला लागली, पुढं हसायलाही लागली. तिला भाऊ हवा होता असं मला वाटतं. माझ्याशी बोलायची ती कामापुरतं. मीही तिच्या डोळ्यांना डोळा द्यायची नाही.

वडील तीन वर्षांनी गेले. कळंबच्या एस.टी.डी. बूथवर सुमनताईचा फोन आला. तळेघरपर्यंत चालत येऊन तिनं केला होता. मला म्हणाली, "बाप गेला. अनिलला घिऊन ये. आग त्यो दील." मी म्हटलं, गावात सगळ्यांना... ती म्हणाली, "समद्यांना म्हाईत हाय, शोभे." माझं नाव तिनं तेव्हा पहिल्यांदा घेतलं असावं. आई आली नाही. ती त्या दिवशी कांदे काढायला गेली, नेहमीसारखी. अनिलनं अग्नी दिला. त्या गर्दीत मला तो पांढऱ्या टोपीचा म्हातारा दिसला. त्यानं मला ओळखलं आणि नजर खाली घातली. मीही तेच केलं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी डी.एड. होऊन नोकरीला लागले होते. अनिल हट्टानं सुमनताईला घेऊन आला. ती मांडवात सगळ्यात मागं, पाण्याच्या पिंपाशेजारी बसली, जुनीच हिरवी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. आईनं तिला तोवर कधी बघितलं नव्हतं. विधी सुरू झाले आणि करवली कोण म्हणून विचारणा झाली. मामेबहिणी पुढं झाल्या. आई उठली, मांडवाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि सुमनताईपुढं उभी राहून म्हणाली, "तू सुमन न्हवं? जेवलीस का?" तिनं मानेनंच नाही म्हटलं. आईनं तिचा हात धरून तिला पुढं आणलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही पोरीची थोरली भन. करा हिच्या हातात द्या." सुमनताई सबंध लग्नभर तो पाण्यानं भरलेला करा हातात धरून माझ्यामागं उभी होती. थोडं थोडं पाणी माझ्या पाठीवर सांडत होतं. लोक म्हणत होते, थोरलीचं व्हायचंय वाटतं अजून. मला त्या मांडवात उभं राहवत नव्हतं...

पुढच्याच पावसाळ्यात मी एकटी वाडीला गेले. भाताची लावणी चालू होती. मला नीट जमत नसताना मी तिच्या शेजारी चिखलात उतरले. ती वाकून सपासप रोपं लावत मागं सरकत होती, मी मागं पडत होते. अर्धी ओळ झाली तेव्हा मी वर न बघता म्हटलं, "ताई, त्या दिवशी तळेघरला टपरीवर मीच बोलले होते."

ती थांबली नाही. ओळीच्या शेवटाला जाऊन तिनं कंबर सरळ केली. म्हणाली, "म्हाईत हाय. म्हातारा दुसऱ्याच दिशी घरी आला व्हता, खरं का म्हून इचाराया. बय न्हाई म्हनाली. मी हां म्हनाले."

मला कळेना. "तू? का गं?"

"बाप आतून आयकत व्हता. पोराचं नाव निघालं तसा रडाया लागला. वरडून चल, चल म्हनत व्हता. त्याच्याम्होरं न्हाई कसं म्हनू?" तिनं हातातली जुडी सोडली, रोपं मोकळी केली. "पर तू बोलली नसतीस तर म्हातारा आला नसता. त्ये बी हायेच."

मी रडत होते. पाऊस होता म्हणून दिसत नसावं. मी विचारलं, "मला माफ केलंस का?"

तिनं खरंच विचार केला. मला बरं वाटावं म्हणून काही बोलणाऱ्यातली ती नव्हती. म्हणाली, "न्हाई. रोज सकाळी उठलं की एकदा आठवतं. पर तू येत ऱ्हा."

मग मी जात राहिले. पाच वर्षं गेले. मला मुलगी झाली तेव्हा ती पंधरा दिवस येऊन राहिली. बाळाला न्हाऊ घालताना पायांवर घेऊन ती काय काय बोलायची. मी दारात आले की थांबायची. एकदा मी तिला म्हटलं, आता बयला घेऊन कळंबलाच या, दोघीच कशाला तिथं राहता. म्हणाली, "अंगनवाडीतल्या पोरांना कोन खाऊ घालंल? एकतीस हायेत." त्या मुलांची नावं तिला तोंडपाठ होती, कुणाला गूळ लागतो, कुणाला भाताचा वास सहन होत नाही, सगळं. त्या जुलैच्या सकाळी ती त्यांच्याच खिचडीसाठी लाकडं काढायला गेली होती, ढिगात हात घातला. हाताला फडकं बांधून ती स्वतः सडकेपर्यंत चालत आली, असं जीपवाला सांगत होता. गाडीत पाणी मागितलं. मग झोप येतीय म्हणाली. बरोबरच्या बाईनं तिला झोपू नको, झोपू नको म्हणून हलवलं, पण डिंभ्याच्या पुढं तिचं हलणं थांबलं. बत्तीस वर्षांची होती.

दहाव्याला ती एकतीस मुलं आली होती. मोठ्यांना कसं वागावं कळत नव्हतं, मुलांना तर नव्हतंच. त्यातली एक मुलगी मला येऊन विचारत होती, "बाई उद्या येनार का?" चिंधाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे, तिला माणसं नुसती हलताना दिसतात. तिचा नवरा तिच्या हातून दोनदा गेला, एकदा कळंबला आणि एकदा कायमचा, आणि पोर एकदा... ती त्या दिवशी रडली नाही. तिला कुणाकडं ठेवायचं यावर भावकीतले पुरुष दबक्या आवाजात बोलत होते. मी घरी फोन केला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घिऊन या तिला. हितं काय, दोगी पडून राहू."

त्यामुळं आता चिंधाबाई माझ्या घरी आहे. माझी आईही माझ्याकडंच असते. दोघी एकाच खोलीत झोपतात. एकमेकींशी फार बोलत नाहीत, पण आई तिला आंघोळीला पाणी काढून देते, जेवताना ताटात काय कुठं आहे ते सांगते. एकाच माणसाच्या दोन बायका. त्याचं नाव दोघीही काढत नाहीत.

तिला आणलं त्या पहिल्या दिवशी मी शाळेतून आले, फाटक वाजलं, तर तिनं खोलीतून हाक मारली, "सुमे, आलीस का?" मी जवळ जाऊन तिचा हात धरून सांगितलं, बय, मी शोभा. "व्हय, व्हय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. पुन्हा सांगितलं. पुन्हा "व्हय, व्हय." असे आठ दिवस गेले. तिला माहीत नाही असं नाही, सुमन गेली हे ती दिवसभरात दोन-तीनदा स्वतःच बोलते. पण संध्याकाळी फाटक वाजलं की तिच्या तोंडून एकच नाव निघतं. नवव्या दिवशी मी दारात थबकले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "किती येळा सांगशील? ओ दे की."

काल शाळा सुटून घरी यायला जरा उशीर झाला. फाटक लावून चप्पल काढत होते तोच आतून आवाज आला.

"सुमे, आलीस का?"

"आले, बय."

"जेवन केलंस का पोरांचं?"

"केलं."

"मंग बस जरा," ती म्हणाली आणि अंथरुणावर माझ्यासाठी जागा करून सरकली.